चावडीवरची टोचणी आणि शाळेतली टोचणी

आपल्याकडे सरकारी टोचणीला ‘फुकट’ म्हणण्याची वहिवाट फार जुनी आहे. ज्याच्या दंडावर टोचावयाचे त्याच्याकडून पैसा घ्यावयाचा नाही, एवढाच तिचा मूळ अर्थ. परंतु लोकांनी, आणि लोकांपेक्षाही अधिक सरकारी दफ्तरांनी, तिला खर्चच नाही असा अर्थ करून घेतला. वास्तविक खर्च हा कोणी तरी, कोठून तरी भरलेला असतोच. तो कोणी भरला, कोणाच्या नावे मांडला आणि कोणाच्या नावे मांडावयाचा राहून गेला, हे पाहिले म्हणजे राज्यकर्त्यांची प्रजेकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्या जाहीरनाम्यांपेक्षा जास्त स्पष्ट दिसते. इन्फ्ल्युएन्झाची लस शाळांमधून मुलांना दरवर्षी टोचावी की काय, हा प्रश्न जगात ठिकठिकाणी निघालेला आहे, आणि पुढेमागे तो महाराष्ट्रातही निघाल्यावाचून राहावयाचा नाही. बीडसारख्या जिल्ह्याच्या अंगाने त्याचा विचार करावयाचा, तर मागील दोन शतकांचे हे जमाखर्चाचे खाते आधी उघडले पाहिजे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची लस टोचण्यात आली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानात लागू पडलेली ही पहिली टोचणी होय. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा लांबच्या वाटेने ती लस येथे आली, आणि मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरास पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि डिसेंबरअखेर वसईचा तह झाला. आमच्या इतिहासकारांचे सगळे लक्ष त्या तहाकडे गेले, यात नवल नाही; तथापि त्याच सालात एका पोरीच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असा जो एक बारीक प्रवाह दक्षिणेकडे चालू झाला, त्याने वाचविलेली माणसे मोजावयास बसल्यास वसईच्या तहाचे महत्त्व थोडे उतरते.

‘दंडावरून दंडावर’ हे शब्द येथे अलंकारिक नव्हेत. उष्ण हवेत लस कुपीत फार दिवस टिकत नसे. ती जिवंत ठेवावयाची तर एका मुलास टोचावयाचे, आठव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या दंडावरचा फोड फोडून त्यातील लस काढावयाची आणि ती पुढच्या मुलास द्यावयाची, हाच मार्ग होता. म्हणजे टोचून घेणारे मूल हेच लसीचे भांडार आणि तेच तिचे वाहन. मूल बरे होत आले असता त्याचा फोड पुन्हा कोरून घेऊ देणे हे कोणत्याही आईला जड जावयाचेच. सरकारच्या हिशेबात टोचणाराचा पगार आहे, त्याच्यावरील सुपरिंटेंडेंटाचा पगार आणि भत्ता आहे. ज्या दंडावर सगळा व्यवहार चालला होता त्याच्या नावे मात्र एक पैही मांडलेली नाही. या खात्यातील ही पहिली न मांडलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा कोठे मुलांची या वेठीतून सुटका झाली.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून ठरावीक टापूत गावोगाव फिरणारे पगारी टोचणारे नेमण्याची पद्धत सुरू झाली. तिला पुढे ‘मुंबईची पद्धत’ असेच नाव पडले. टोचणारा गावात आला की त्याचा मुक्काम चावडीवर. पाटील-कुलकर्ण्यांनी तान्ही मुले असलेल्या घरांना वर्दी द्यावयाची, आयांनी पोरे घेऊन जमावयाचे, आणि टोचणाराने वहीत नावे उतरावयाची, असा तो क्रम होता. या कामी गावकामगारांचा किती दिवस मोडत असे, आणि शेतातील काम टाकून आलेल्या बाईचा रोज किती बुडत असे, याचा हिशेब कोणी केला नाही. १८७७ साली मुंबई शहरापुरती टोचणी सक्तीची झाली, आणि १८९२ च्या कायद्याने इलाख्यातील जिल्ह्यांतही ती लागू करण्याची सोय झाली. सक्ती आली म्हणजे दंडही आला. अर्थात् ‘फुकट’ वस्तू न घेतल्याबद्दल पैसे भरावयाचे, असा हा चमत्कारिक व्यवहार होता.

तरी मूळ पैसा कोठून येई? १८६९ च्या लोकलफंडाच्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा पट्टी कायम झाली. तिचे दोन हिस्से सडकांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे जावयाचा. म्हणजे सोळा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याने वर्षाचा एक रुपया या पट्टीचा द्यावयाचा आणि त्यातले सुमारे सव्वापाच आणे शाळेचे, मग त्याचा मुलगा शाळेत जावो वा न जावो. १८८४ साली लोकल बोर्डे स्थापन झाल्यानंतर सरकारने आरोग्याची कित्येक कामे हळूहळू त्यांच्या गळ्यात घातली, आणि टोचणीच्या खर्चाचा भारही स्थानिक फंडांकडे सरकत गेला. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाची आपण स्थानिक स्वराज्याची पहाट म्हणून स्तुती करतो. ती योग्यच आहे. परंतु अधिकार थोडा आणि खर्च पुष्कळ अशी ही वाटणी होती, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवले पाहिजे.

बीड जिल्हा या वेळी निजामाच्या मुलखात होता. आष्टीच्या पलीकडे अहमदनगरची हद्द लागली की इंग्रजी अंमल, अलीकडे हैदराबादचा. नाणे निराळे, दफ्तराची भाषा निराळी, परंतु साऱ्यावर रुपयास एक आणा लोकलफंड घेण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखी. माणसाच्या रक्षणाची व्यवस्था निराळी आणि पट्टी तेवढी एक! १९०१ च्या खानेसुमारीत बीड जिल्ह्याची वस्ती पाच लाखांच्या आत भरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आधीच्या दहा वर्षांत ती वाढण्याच्या ऐवजी पुष्कळच घटविली होती. हैदराबाद संस्थानात त्या वेळी लिहितावाचता येणारे लोक शंभरात तीनांच्या आसपास. अशा ठिकाणी शाळेतून टोचणी करावी असे कोणाच्या मनात येणेही शक्य नव्हते, कारण ज्या पोरांना टोचावयाचे ती शाळेत नव्हतीच. चावडी ही त्या काळची एकच जागा अशी होती, की जेथे सगळ्या गावाचे नाव लिहिलेले असे. आणि ते लिहिलेले असे साऱ्याच्या वसुलीकरिता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन याने आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये तिचा कारखाना निघाला. त्याची सर्व कथा सांगण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या विषयापुरती एकच गोष्ट घेण्याजोगी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एका कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेचा नसून कुपी गावात उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा होता, असे बहुतेक विद्वानांचे मत पुढे पडले, आणि हाफकिनवरील किटाळ १९०७ मध्ये दूर झाले. मधल्या काळात लसीवरील विश्वासाचे जे नुकसान झाले, ते कोणत्या खात्यात मांडावयाचे? टोचणीचा खर्च केवळ लसीचा नव्हे, तर स्वच्छ हाताचा, उकळलेल्या सुईचा आणि देखरेखीचा आहे, हे त्या एका कुपीने शिकविले. काटकसर येथे केली, तर तिची किंमत दुसरेच लोक देतात.

यानंतर आली ती १९१८ ची मानमोडी. इन्फ्ल्युएन्झाला आपल्या खेड्यांनी दिलेले हे नाव वैद्यांच्या कोणत्याही नावापेक्षा बोलके आहे. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात तापाची साथ दिसली. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उठली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. मुंबई इलाख्यात या साथीने सुमारे दहा लाख बळी घेतले. साऱ्या हिंदुस्थानचा आकडा एक कोटी वीस लक्षांपासून एक कोटी ऐंशी लक्षांपर्यंत निरनिराळ्या अभ्यासकांनी धरला आहे. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते, आणि डॉक्टर युद्धावर होते. शाळा बंद पडल्या, आणि मुंबई-पुण्यास समाजसेवेच्या मंडळांनी, जातीजातींच्या संस्थांनी वर्गणी करून औषध आणि दूध वाटले. खेड्यांत तेही नव्हते.

त्या वेळी लस नव्हती असे नाही. पण ती फायफरच्या जंतूवर तयार केलेली होती, आणि तो जंतू या रोगाचे कारणच नव्हता. खरे कारण असलेला विषाणू माणसापासून वेगळा काढण्यात स्मिथ, अँड्रूज आणि लेडलॉ यांना यश आले ते १९३३ साली इंग्लंडात. आणि उपयोगी लस अमेरिकेत आधी लष्करासाठी व मग सर्वांसाठी निघाली ती १९४० नंतरच्या पाच-सहा वर्षांत. तेव्हा १९१८ मधील लसीवर जो काही पैसा खर्च झाला असेल, तो रोग ओळखण्यापूर्वी औषध घेतल्यासारखा होता. ज्ञान नसताना केलेल्या खर्चाला दोष देणे सोपे. त्या वेळी लोक मरत होते आणि काही तरी करणे भाग होते, हे विसरून चालणार नाही.

आता शाळेकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर क्षयाविरुद्ध बी.सी.जी.ची मोहीम निघाली, तेव्हा शाळेचे एक निराळेच महत्त्व डॉक्टरांच्या ध्यानात आले. बी.सी.जी.च्या आधी एक चाचणीची सुई द्यावयाची आणि तीन दिवसांनी तिचा परिणाम पाहावयाचा असे. बाजारात किंवा जत्रेत टोचलेला माणूस तीन दिवसांनी सापडावयाचा कोठे? शाळेत मात्र तीच मुले, त्याच बाकांवर, त्याच क्रमाने बसलेली असतात. शाळेची खरी संपत्ती इमारत नव्हे. ती म्हणजे हजेरीपट. नाव, वय, इयत्ता, घर हे सगळे त्यात लिहिलेले. आणि ते कोणी लिहिले, तर ज्याचा पगार शिक्षणखाते देते त्या मास्तराने. आरोग्यखात्याला ही यादी आयती मिळते, आणि शाळेतली टोचणी स्वस्त पडते असे जे म्हणतात त्याचे अर्धे रहस्य येथेच आहे.

१९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही एकाच छपराखाली गेली. तेव्हापासून हा गोंधळ अधिकच वाढला असे आमचे मत आहे. आरोग्यखात्याच्या मोटारीचे इंधन, परिचारिकेचा भत्ता, सुया, बर्फाचे डबे, टाकाऊ सुया नष्ट करण्याचा खर्च हे सारे टोचणीच्या खात्यात येते. परंतु पालकांना चिठ्ठ्या कोणी लिहिल्या, संमती कोणी गोळा केली, भेदरलेल्या पोरांना रांगेत कोणी धरून ठेवले, ज्याला घेरी आली त्याला पाणी कोणी पाजले, आणि त्या दिवशीचे गणित कोणाचे बुडाले? २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाची सगळी मुले तिच्यात घ्यावयाची होती, आणि आरंभीचे आठवडे शाळांसाठीच राखून ठेवले होते. एवढ्या अफाट कामात शिक्षकवर्गाने जे दिवस घातले त्यांची किंमत रुपयांत मांडलेली आम्हांस कोठे आढळली नाही. एकोणिसाव्या शतकात पाटील-कुलकर्ण्याचे दिवस ज्या रीतीने हिशेबाबाहेर राहिले, त्याच रीतीने हेही राहिले.

तरीसुद्धा गोवराची गोष्ट निराळी आहे. ती लस एकदा-दोनदा टोचली की आयुष्याची बेगमी होते. खर्च एकदाचा, फळ कायमचे. देवीचे तर असे झाले की १९७५ साली देशातून रोगच गेला, आणि पुढे टोचणीचाही खर्च उरला नाही. इन्फ्ल्युएन्झात हे सुख नाही. हा विषाणू वर्षावर्षाला आपले रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार घालावयाचे ते सांगते. गतसालची उरलेली लस यंदा कामाची नाही. नऊ वर्षांखालील मुलास पहिल्या वर्षी दोन टोचण्या लागतात. म्हणजे हा भांडवली खर्च नव्हे, दरसालचा चालू खर्च आहे. आणि आपल्या स्थानिक संस्थांना जड जाते ते नेमके असेच काम. इमारत बांधावयास पैसा मिळतो, ती झाडावयास मिळत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यास स्वाइन फ्लूने चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. देशातील तो पहिला बळी. पुण्यामुंबईच्या शाळा बंद झाल्या आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी देशी लसी निघाल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची लस काढली, तिची किंमत एका मात्रेस १५८ रुपये होती. त्या काळच्या या स्वस्त भावानेही एक लक्ष मुलांचा हिशेब केला, तर नुसत्या लसीलाच एक कोटी अठ्ठावन्न लक्ष रुपये होतात; लहान मुलांस दोन मात्रा धरल्यास त्याच्या दुप्पट. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे बीड जिल्ह्याची वस्ती पंचवीस लक्षांवर आहे. तेव्हा शाळकरी मुले एक लक्षाहून कितीतरी अधिक, हे उघड आहे. देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात फ्लूची लस नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवती स्त्रिया, मधुमेही वगैरे जोखमीच्या लोकांना ती विनामूल्य देण्याचे धोरण घेतले, ते या दृष्टीने शहाणपणाचेच होते: पैसा थोडा, म्हणून ज्याला धोका जास्त त्याला आधी.

यावर कोणी म्हणेल, मग शाळेचा विषय संपला. तो संपत नाही, याचे कारण जपानात सापडते. तेथे १९६२ पासून शाळेतील मुलांना इन्फ्ल्युएन्झाची लस टोचण्याची पद्धत होती. १९७७ साली ती कायद्याने बंधनकारक झाली. मुलांस होणाऱ्या त्रासाबद्दल तक्रारी आल्या; माएबाशी शहराने टोचणी थांबवून शेजारच्या गावांशी तुलना करून पाहिली, आणि मुलांना विशेष लाभ होत नाही असे तेथील डॉक्टरांचे मत झाले. १९८७ साली पालकांना नकाराची मुभा मिळाली आणि १९९४ साली कार्यक्रमच बंद पडला. मुलांच्या खात्यात जमेपेक्षा खर्च अधिक दिसला, म्हणून खाते मिटविले. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या सर्व वर्षांचे मृत्यू तपासण्यात आले, तेव्हा निराळेच दिसून आले. शाळांतील टोचणी जोरात असताना जपानात दरसाल ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, म्हणजे टोचलेल्या दर ४२० मुलांमागे एक जीव वाचत होता, असा त्यांचा अंदाज निघाला. आणि हे वाचणारे लोक बहुतेक म्हातारे होते. जपानी घरांत आजा-आजी आणि नातवंडे एकत्र राहत. नातवाला ताप नाही तर आजीलाही नाही. खर्च एकाच्या नावे आणि जमा दुसऱ्याच्याच नावे पडत होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहावयाचे कोणाला सुचले नव्हते. या अंदाजावर तज्ज्ञांत वाद झाले आहेत, आणि आकडा थोडा कमी धरला तरी चालेल. परंतु वह्या दोन आहेत, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

बीड जिल्ह्यात ही दुसरी वही फार मोठी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची एक जोडी. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ही माणसे जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. कित्येक मुले आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांची नावे हजेरीपटावर असतात, आणि ती स्वतः नसतात. जी मागे राहतात ती हंगामी वसतिगृहांत, किंवा आजा-आजीजवळ. म्हणजे हिवाळ्यात शिरूर-पाटोद्याच्या अनेक वस्त्यांवर घराघरांत शब्दशः दोनच पिढ्या असतात: एक शाळेत जाणारी, आणि एक फ्लूने मरण्याचा धोका सर्वांत अधिक असलेली. मधली पिढी, जिने आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे, ती दीडदोनशे कोसांवर मोळ्या बांधत असते. आंबेजोगाईस १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे जिल्ह्याचे भाग्य. पण वस्तीवरच्या म्हाताऱ्याला रात्री तेथवर पोचविणार कोण? तेव्हा नातवाच्या दंडावरील टोचणीचा लाभ आजीच्या खात्यात जमा होण्याची शक्यता जपानात जितकी होती, त्याहून येथे कमी नाही.

अडचण आहे ती पंचांगाची. इंग्लंडात किंवा जपानात हा रोग हिवाळ्याचा; शाळा भरून महिनादोन महिने झाले की टोचावयाचे आणि थंडीची वाट पाहावयाची. आपल्याकडे त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, दुसरा थोडा जोर हिवाळ्यात. लसीची शक्ती सहा महिन्यांच्या आसपास ओसरू लागते. पावसाळ्यापूर्वी टोचावयाचे तर एप्रिल-मे, म्हणजे परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी. दिवाळीनंतर टोचावयाचे तर कोयते गेलेले; आणि फडावर गेलेली मुले, ज्यांना दाटीवाटीच्या कोप्यांत रोग लवकर गाठतो, ती नेमकी वगळली जावयाची. त्यांच्यासाठी फडावरच टोचणी करावी, तर ती कोणत्या जिल्ह्याच्या खर्चाने? ज्या जिल्ह्यात जन्मले त्याच्या, की ज्या जिल्ह्यातील साखरेला त्यांचे आईबाप लागले त्याच्या? ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये, आणि तितकेच सरकारकडून, घ्यावयाचे ठरलेले आहे. रुपयामागे एक आणा हा जसा जमिनीवरचा, तसा हा उसावरचा लोकलफंडच म्हणावयाचा; आणि फडावरच्या मुलाच्या टोचणीचा पैसा न्यायाने यातूनच निघाला पाहिजे असे आम्हांस वाटते.

राहिलेल्या मुलांसाठी मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला हाच काळ खरा. त्या वेळी कोयता गावी आलेला असतो, तीनही पिढ्या घरात असतात, आणि पाऊस पडावयाचा असतो. शाळा मात्र बंद आणि हजेरीपट कपाटात. मुलांना बोलवावयाचे तर शिक्षकाला सुट्टीत कामावर यावे लागेल. सुट्टीतल्या कामाबद्दल त्याला नियमाप्रमाणे अर्जित रजा द्यावी लागते, आणि रजेला पगाराच्या हिशेबाने किंमत असते. तेवढ्यापुरता तरी त्याचा दिवस टोचणीच्या खर्चात मांडावा लागेल.